एक-दोन घरं भाड्याने देणाऱ्या नव्या घरमालकांसाठी: चावी देण्याआधीपासून चावी परत येईपर्यंत

एखादं जास्तीचं घर, वर चढवलेला मजला किंवा वारशाने आलेल्या दोन खोल्या भाड्याने द्यायचं ठरलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. भाडेकरू चांगला मिळेल ना? आणि भाडं किती येईल? दोन्ही रास्तच आहेत. पण छोट्या घरमालकाचं खरं नुकसान बहुतेक वेळा तिसऱ्याच वाटेने होतं. बरा भाडेकरू कंटाळून निघून जातो आणि घर रिकामं पडतं. दहा घरं असलेल्याचं एक घर रिकामं राहिलं तर त्याचं उत्पन्न दहा टक्क्यांनी घटतं. तुमचं एकच असेल तर ते थेट शून्यावर येतं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे: चांगला माणूस टिकावा, आणि कधी ना कधी तो जाणारच, तेव्हा वाद न होता जावा.

आधी हिशेब

महिन्याचं भाडं गुणिले बारा हा आकडा डोक्यातून काढून टाका. अकराने गुणा. भाडेकरू बदलताना रंग, सफाई, डागडुजी आणि नवा माणूस शोधणं यात महिना कधी जातो ते कळत नाही. दर वर्षी तसं होईलच असं नाही, पण सुरुवातीला हात आखडता ठेवलेला बरा. या अकरा महिन्यांच्या रकमेतून कर, विम्याचा हप्ता, इमारतीचा देखभाल खर्च आणि कर्ज असेल तर त्याचा हप्ता वजा करा.

मग दुरुस्ती. माझ्या मते भाड्यातले दहा ते पंधरा टक्के दर महिन्याला बाजूला काढून ठेवावेत, घर जुनं असेल तर त्याहून जास्त. पहिल्या वर्षी हे पैसे नुसतेच पडून राहतील आणि दुसरीकडे वापरायचा मोह होईल. तो आवरा. पाण्याचा पंप, गिझर, छताचं वॉटरप्रूफिंग हे खर्च थोडेथोडे येत नाहीत, एकदम येतात, आणि बहुधा घरात दुसरं काही कार्य निघालेलं असतं तेव्हाच येतात.

भाड्याचं बँक खातं वेगळं ठेवा. भाडं त्यातच येईल, घराचा खर्च त्यातूनच जाईल. वर्षाअखेरीस कर भरताना पासबुक उघडलं की सगळा हिशेब समोर असतो.

विम्याकडेही एकदा नीट बघा. स्वतः राहण्यासाठी घेतलेली पॉलिसी घर भाड्याने दिल्यावर तशीच चालेल असं धरून चालू नका. विमा कंपनीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. शिवाय तुमच्या पॉलिसीत तुमची इमारत आणि तुमचं सामान येतं, भाडेकरूचा टीव्ही आणि कपडे येत नाहीत. हे त्यालाही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

घर तयार करताना पैसे कुठे घालायचे

नवे घरमालक दर्शनी गोष्टींवर खर्च करतात आणि न दिसणाऱ्या गोष्टी सोडून देतात. क्रम उलटा हवा. पहिला मान वायरिंगचा. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. वीज जमिनीकडे गळू लागली, कदाचित कुणाच्या तरी अंगातून जाऊ लागली, की हे उपकरण क्षणात पुरवठा तोडतं. त्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं, ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. ते दर काही महिन्यांनी कसं दाबून बघायचं हे भाडेकरूलाही दाखवा.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. बंद जागेत गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. ठेवायचाच असेल तर यंत्र खोलीबाहेर आणि धूर थेट मोकळ्या हवेत गेला पाहिजे. धुराचा इशारा देणारं उपकरण बसवत असाल तर त्याच्या पाठीवरची तारीख बघा. साधारण दहा वर्षांनी ते अख्खंच बदलावं लागतं, नुसती बॅटरी बदलून भागत नाही.

त्यानंतर पाणी. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि तासाभराने परत बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतं आहे. बऱ्याचदा चोर फ्लशच्या टाकीत असतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. बदलायला फारसा खर्च नाही, पण तसंच सोडलं तर पाणी रात्रंदिवस वाहत राहतं. थेंब-थेंब गळणारा नळही कमी समजू नका. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, म्हणजे वर्षाला सुमारे दीड हजार लिटर.

रंग फिकट आणि पुसता येणारा लावा, आणि डब्यावरचा शेड नंबर लिहून ठेवा. पुढे एखादीच भिंत रंगवायची वेळ आली तर त्या नंबरावर अख्ख्या खोलीचा खर्च वाचतो. महागडं फर्निचर ठेवू नका. जितकं सामान ठेवाल तितकी वादाची कलमं वाढतात. घर सोडताना भांडण बहुधा भिंतींवरून होत नाही, गादी आणि सोफ्यावरून होतं.

भाडं ठरवणं

शेजारचे काय मागतात ते पाहू नका, काय घेतात ते विचारा. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, सौदा खाली ठरतो. एकच जाहिरात आठवडेच्या आठवडे तशीच दिसत असेल तर तो भाव चालत नाही एवढाच तिचा अर्थ. थोडं कमी भाडं ठेवून पाच-सहा चांगले लोक बघायला आले की निवड तुमच्या हातात राहते. ताणून धरलेल्या भाड्यात येईल त्याला घर द्यावं लागतं.

जाहिरातीत फोटो दिवसाउजेडी काढलेले असावेत, आणि घराची अडचणही लिहावी. तिसरा मजला असून लिफ्ट नसेल तर तसं लिहा. नाहीतर घर बघायला येणाऱ्यांतले निम्मे लोक जिन्यातूनच परत जातील आणि तुमचा रविवार फुकट जाईल.

याच टप्प्यावर एक फसवणूक हमखास भेटते. समोरचा माणूस घर न बघताच हो म्हणतो, आपण बदलीच्या नोकरीत आहोत असं सांगतो आणि आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी तुम्हाला एखादा कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवून द्या.

माणूस निवडताना

निकष आधी कागदावर लिहा आणि सगळ्यांना तेच लावा. भाडं उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसावं, उत्पन्नाचा काही पुरावा असावा, घरात किती जण राहणार ते स्पष्ट असावं, आधीच्या घरमालकाशी बोलता यावं. एवढे चार पुरेत. जात, धर्म, आडनाव, माणूस एकटा आहे की कुटुंबवाला, यावरून घर नाकारणारे पुष्कळ आहेत. माणुसकीचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहार म्हणूनही हे बिनकामाचं आहे, कारण यातल्या एकाही गोष्टीवरून भाडं वेळेवर येईल की नाही ते कळत नाही. काही देशांत असं घर नाकारणं सरळसरळ बेकायदा ठरतं. अमेरिकेत १९६८च्या गृहनिर्माण कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी घातली. १९७४मध्ये त्यात लिंगाची आणि १९८८मध्ये अपंगत्व व लहान मुलं असलेल्या कुटुंबांची भर पडली.

आधीच्या घरमालकाला फोन करताना एक युक्ती लक्षात ठेवा. सध्याचा घरमालक भाडेकरूला कंटाळला असेल तर तो तोंड भरून कौतुक करेल, कारण ब्याद टळतेय. खरं बोलतो तो त्याच्याही आधीचा. त्याचं आता काही अडलेलं नसतं. त्याला नुसतं "माणूस कसा आहे?" असं विचारू नका. "भाडं कोणत्या तारखेला यायचं? घर सोडताना डिपॉझिटमधून काही कापलंत का? परत आला तर घर द्याल का?" असं विचारा. तिसऱ्या प्रश्नानंतर पलीकडचा किती वेळ गप्प राहतो, त्यातही उत्तर असतं.

ओळखपत्रांच्या प्रती घ्या, पण लागतील तेवढ्याच. ज्यांना घर दिलं नाही त्यांचे कागद फोनमधून पुसून टाका.

करारनामा

तोंडी करार ओळखीच्या माणसाशी सगळ्यात धोक्याचा, कारण तिथे आठवण करून देण्याचाही संकोच वाटतो. भाचा असो, मित्राचा मुलगा असो, करार लेखी हवा. नोंदणी, मुद्रांक, कराराची मुदत आणि प्रशासनाला माहिती देणं यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना तुमच्या जागी लागू पडेलच असं नाही. स्थानिक वकिलाला एकदाच फी देऊन स्वतःचा नमुना तयार करून घ्या, तो पुढे कैक वर्षं चालतो.

घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं नाव, भाड्याची तारीख आणि भरायची पद्धत, वाढ कधी आणि किती, दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, पोटभाडेकरू ठेवता येईल का, पाळीव प्राणी चालतील का, कुठलं बिल कोण भरणार: हे सगळं करारात असतंच. फसतं ते दुरुस्तीच्या कलमात. "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" हे वाक्य बऱ्याच नमुन्यांत सापडतं आणि ते निव्वळ भांडणाचं मूळ आहे. किरकोळ म्हणजे काय? मालकाला गिझरचं कॉइल किरकोळ वाटतं, भाडेकरूला बल्बसुद्धा वाटत नाही. त्याऐवजी असं लिहा: "दिवे, नळांचे वॉशर, रिमोट व घंटीच्या बॅटऱ्या भाडेकरू बदलेल. भिंतीच्या आतील वायर व पाइप, छत, दारे-खिडक्या आणि मालकाने बसवलेली उपकरणे मालक दुरुस्त करेल. भाडेकरूच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान भाडेकरू भरून देईल." शेवटच्या वाक्यावरून वाद होऊ शकतो, पण तो निदान एका मुद्द्यापुरता राहतो.

घरात यायचं झाल्यास किती आधी कळवणार तेही लिहा. भारताच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात (राज्यांसाठीचा नमुना कायदा) चोवीस तासांची पूर्वसूचना आहे, इंग्लंड आणि कॅलिफोर्नियातही साधारण तेवढीच. आग किंवा पाण्याचा लोंढा अशी तातडी अर्थातच वेगळी. "माझंच घर आहे" म्हणून स्वतःच्या चावीने दार उघडणारा मालक भाडेकरूला नकोसा होतो, आणि बहुतेक ठिकाणी कायद्यालाही.

डिपॉझिट किती घ्यायचं याला जगभर वेगवेगळ्या मर्यादा आहेत. भारताच्या आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचं भाडं आहे, मात्र राज्याने तसा कायदा केला तरच ते लागू होतं. जर्मनीत कमाल तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो, आणि मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं. इंग्लंडमध्ये २०१९पासून वार्षिक भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांची मर्यादा आहे, आणि रक्कम तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. तुमच्याकडे असा नियम नसला तरी जर्मनांची पद्धत उचला. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. परत द्यायच्या वेळी पैसे नसतात म्हणून खोट्या कपाती शोधणारे मालक कमी नाहीत.

चावी देण्याचा दिवस

या दिवशी एक तास जास्त द्या. रिकाम्या घरात भाडेकरूबरोबर दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने फिरा आणि प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्या. बोलत बोलत घ्या: "स्वयंपाकघर, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यावर कपचा उडालेला आहे, सिंकखाली पाइप कोरडा, खिडकीची कडी घट्ट बसते." कपाटांची दारं उघडून आत बघा. नळ सोडून पाण्याचा जोर दाखवा, फ्लश करून दाखवा, प्रत्येक दिवा-पंखा चालू करा. आधीपासूनचे डाग आणि भेगा जवळून टिपा, शेजारी एखादं नाणं धरलं की आकार कळतो. वीज, पाणी आणि असल्यास गॅस मीटरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत येऊ द्या.

मग एका पानावर यादी करा: वस्तू, तिची अवस्था, किल्ल्यांची संख्या. दोघांनी सही करायची, एक प्रत त्याच्याकडे. व्हिडिओही त्याला लगेच पाठवा. तो तुमच्याच फोनमध्ये राहिला तर त्याची किंमत निम्मी.

मेन स्विच कुठे आहे आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, हे प्रत्यक्ष हात लावून दाखवा. रात्री पाइप फुटला तर तुम्ही पोचेपर्यंत पाणी खालच्या मजल्यावर उतरू नये. आधीचा भाडेकरू गेल्यावर कुलपाचं सिलिंडर बदलायला विसरू नका. त्याच्याकडे चावीची प्रत उरली असेल की नाही, कोण सांगणार?

दुरुस्ती: भाडेकरू इथेच टिकतो

तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या, काम त्याच दिवशी झालं नाही तरी चालेल. "प्लंबर उद्या अकराला येतोय, तुम्ही असाल का?" एवढ्या निरोपाने निम्मा राग निवतो. गप्प बसणारा मालक भाडेकरूच्या लेखी चालढकल करणाराच ठरतो. तक्रारी लेखी मागवा, फोनवर सांगितलं तरी "मेसेजही टाकून ठेवा" म्हणा. तारीख नोंदली जाते आणि दोघांच्याही लक्षात राहतं.

कामांची वर्गवारी मनाशी पक्की असावी. गॅसचा वास, बोर्डातून ठिणग्या, पाण्याचा लोंढा, बंद न होणारं बाहेरचं दार: ही कामं आत्ताच्या आत्ता. पाणीच येत नाही, संडास तुंबला, फ्रिजचा सॉकेट गेला: चोवीस तासांत. बाकीची ठरलेल्या दिवशी एकत्र उरकायची.

ओलीचा विषय थोडा सविस्तर घेतो, कारण यात पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. भिंतीवर बुरशी दिसली की मालक म्हणतो, "तुम्ही खिडक्या उघडत नाही," आणि भाडेकरू म्हणतो, "तुमचं घर गळतंय." दोघांपैकी कुणाचंही खरं असू शकतं, आणि ते तपासता येतं. ओल्या भागातला फूटभर तुकडा कपड्याने पुसून कोरडा करा. त्यावर जाड प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर खोलीतली वाफ गार भिंतीवर धरते आहे. हवा खेळती ठेवणं, एक्झॉस्ट पंखा बसवणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हा त्यावरचा उपाय. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग पाइप, बाहेरची भेग किंवा छत शोधावं लागेल. डागाची जागाही सांगते. वाफेची बुरशी कोपऱ्यांत आणि कपाटांमागे काळ्या ठिपक्यांनी येते. गळतीचा डाग पिवळट-तपकिरी असतो आणि त्याला कडा असते.

कारण सापडेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका. ओल्या भिंतीवर मारलेला रंग फुगून निघतो आणि पुढच्या वर्षी गिलाव्यासकट खर्च करावा लागतो.

चांगला प्लंबर आणि वायरमन मिळाला की त्याच्याशी घासाघीस करत बसू नका आणि त्याचे पैसे त्याच दिवशी द्या. ज्या मालकाकडे पैसे अडकत नाहीत त्याचा फोन कारागीर सुट्टीच्या दिवशीही उचलतो. बिलं जपून ठेवा, कराच्या हिशेबात लागतील आणि डिपॉझिटच्या वेळीही.

भाडं थकलं तर

ठरलेल्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांत एक साधा मेसेज: "नमस्कार. या महिन्याचं भाडं अजून जमा झालेलं दिसत नाही. बँकेकडून काही अडलंय का? कधीपर्यंत जमा होईल ते कळवाल का?" यात आरोप नाही, पण लक्ष आहे हे कळतं. महिनाभर गप्प बसून मग एकदम भडकणं ही नव्या मालकांची नेहमीची रीत, आणि ती दोघांनाही महागात पडते. पहिला महिना भरणं माणसाला जमतं, तिसऱ्या महिन्यानंतर आकडा एवढा फुगतो की तो फोन उचलायचंच टाळतो.

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, अशी खरी अडचण असेल आणि माणूस आजवर नियमित असेल तर हप्ते ठरवून द्या, पण लिहून. अर्धवट रक्कम आली तर पावतीवर "अमुक महिन्याच्या भाड्यापोटी अंशतः, बाकी इतकी" असं स्पष्ट टाका.

दोन गोष्टी मात्र कदापि करू नका. वीज-पाणी तोडू नका आणि कुलूप बदलून माणसाला बाहेर ठेवू नका. तुमची बाजू कितीही खरी असो, बहुतेक ठिकाणी हे बेकायदा आहे आणि थकबाकीदारच उलट तक्रारदार होतो. त्यापुढचा मार्ग लेखी नोटीस आणि वकील, दुसरा नाही.

"शेवटचा महिना डिपॉझिटमधून कापून घ्या" ही विनंतीही प्रेमाने नाकारा. एकदा ती मान्य केली की घर बघायच्या दिवशी तुमच्या हातात काही उरत नाही.

मुदत संपत आली की

मुदतीच्या दोन-तीन महिने आधी तुम्हीच बोलायला सुरुवात करा. वाढ मागण्याआधी आकडेमोड करा. भाडं १०० धरू. तुम्हाला पाच टक्के वाढ हवी आहे, सध्याच्या भाडेकरूला ती परवडत नाही, म्हणून तो गेला. एक महिना घर रिकामं राहिलं आणि मग १०५ने नवा भाडेकरू आला. जुनाच भाडेकरू १००ने राहिला असता तर जितके पैसे मिळाले असते, तितके हाती यायला तुम्हाला एकवीस महिने लागतील. यात रंगाचा आणि दलालीचा खर्च धरलेलाच नाही. वर्षातल्या एका रिकाम्या महिन्याची भरपाई त्याच वर्षात करायची तर वाढ नऊ टक्क्यांहून जास्त लागते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

म्हणजे वाढ मागूच नये असं नाही. वर्षानुवर्षं भाडं तसंच ठेवून एकदम मोठी उडी मारणं तर आणखी वाईट. दर वर्षी थोडी, करारात आधीच लिहिलेली वाढ कुणाला खुपत नाही. आणि वेळेवर भाडं देणाऱ्या, घर जपणाऱ्या माणसाला बाजारभावापेक्षा थोडी सूट देणं हा मी तरी खर्च मानत नाही.

घर सोडताना

नोटीस आली की आठवडाभरात एकदा घर बघून या आणि काय काय दुरुस्त करून द्यावं लागेल ते तेव्हाच सांगा. खिळ्यांची भोकं बुजवायला, ओटा घासायला भाडेकरूला वेळ मिळतो आणि कपातीची वेळच येत नाही. सामान हलल्यावर पहिल्या दिवसाची यादी आणि व्हिडिओ हातात घेऊन दोघांनी पुन्हा त्याच क्रमाने फिरायचं.

वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक करा. उन्हाने विटलेला रंग, दाराजवळ घासलेली फरशी, सैल झालेली कडी ही झीज. ती भाड्यातच आली. फुटलेलं वॉशबेसिन, भिंतीवर रंगीत खडूंची चित्रं, जळालेला ओटा हे नुकसान. नुकसानातही पूर्ण किंमत घेता येत नाही, उरलेलं आयुष्य मोजावं लागतं. समजा, रंग पाच वर्षं टिकतो आणि भाडेकरू तीन वर्षं राहिला. एक भिंत त्याने खराब केली आणि ती रंगवायला १०० लागले. त्या रंगाची तीन वर्षं तशीही वापरून झाली होती, म्हणून त्याच्याकडून घ्यायचे ४०, तुमचे ६०. हा हिशेब कागदावर मांडून बिलासह दिला की सहसा वाद होत नाही. "सगळं मिळून इतके कापले" असं तोंडी सांगितलं की रक्कम लहान असली तरी माणूस दुखावतो.

डिपॉझिट परत देण्याची तारीख करारात असेल त्याच्याही आधी द्या. जाणारा भाडेकरू आपल्या ओळखीतला पुढचा भाडेकरू पाठवतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

मीटरचे शेवटचे आकडे दोघांनी मिळून टिपा, शेवटची बिलं कोण आणि कधी भरणार ते तिथेच लिहा, आणि किल्ल्या मोजून घ्या.

मधल्या काळात घर रिकामं राहणार असेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गिझरचा स्विच बंद करा. दर एक-दोन आठवड्यांनी जाऊन बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी वाळलं की गटाराचा वास आणि झुरळं सरळ घरात येतात, आणि घर बघायला आलेला माणूस दारातूनच नाक मुरडून परत फिरतो. गेलातच की खिडक्याही अर्धा तास उघड्या ठेवा.